'लहानपणी हर्निया झाला होता' : इंटरसेक्स माणसांनी आपला भूतकाळ उलगडायला कसं बसावं

माझ्या दोन्ही जांघांत बोटभर लांबीचा एकेक व्रण आहे. घरात त्याचं नाव 'हर्निया'. चौथीच्या उन्हाळी सुट्टीत ऑपरेशन झालं, टाके काढले, मामाने आइस्क्रीम आणलं, विषय संपला. पुढे पाळी आली नाही, तर त्याचं कारण 'अंगात रक्त कमी' आणि रोजच्या गोळ्या 'शक्तीच्या'. एकोणतिसाव्या वर्षी पोटदुखीसाठी सोनोग्राफीला गेले. तिथल्या बाईंनी तीनदा जेल लावलं, स्क्रीन माझ्याकडून वळवला आणि विचारलं, "पिशवी कधी काढली तुमची?" मी म्हटलं, काढली नाही. त्या म्हणाल्या, "मग गेली कुठे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला मला सहा वर्षं लागली. त्यातला निम्मा वेळ चुकीच्या क्रमामुळे गेला. आधी कागद मिळवले, रात्री एकटीने उघडले आणि मग दीड महिना कामावरच जाऊ शकले नाही. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून माझ्या मते योग्य तो क्रम लिहिते आहे.

शब्दाचं आधी उरकते. गुणसूत्रं, अंतःस्राव (हॉर्मोन), जननग्रंथी (अंडाशय किंवा वृषण) किंवा बाहेरचे अवयव यांची जन्मजात ठेवण 'मुलगा' किंवा 'मुलगी' या ठरावीक साच्यात बसत नाही, अशी माणसं म्हणजे इंटरसेक्स. यात पुष्कळ प्रकार येतात: अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी (एआयएस, यात शरीर पुरुषी हॉर्मोनला प्रतिसाद देत नाही; माझा प्रकार हाच, त्यात पिशवी मुळात तयारच होत नाही), कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया (सीएएच, यात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे हॉर्मोन पुरेसं बनवत नाहीत), 47 एक्सएक्सवाय (गुणसूत्रांत एक 'एक्स' जादा) वगैरे. 'उभयलिंगी' हा मराठी शब्द काही जण सुचवतात, पण तो शाळेत जास्वंदीला आणि गांडुळाला वापरून झाला आहे, आणि आता बायसेक्शुअल लोकांसाठीही तोच वापरतात. मी आपलं इंटरसेक्सच म्हणते. तृतीयपंथी म्हणजेही इंटरसेक्स नव्हे. त्या समाजात काही इंटरसेक्स माणसं असतात, एवढंच.

सुरुवात करण्याआधी

सगळ्यात आधी गोळ्या. तुम्हाला सीएएच असेल आणि हायड्रोकॉर्टिसोनसारखी गोळी चालू असेल, तर जुनं काही कळल्यावर डॉक्टरांचा कितीही राग आला तरी ती बंद करू नका. ऑपरेशन एक गोष्ट, ही गोळी दुसरी. शरीर कॉर्टिसॉल पुरेसं बनवत नाही म्हणून ती द्यावी लागते. अचानक थांबवली तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, बेशुद्धी इथपर्यंत जातं आणि जीवही जाऊ शकतो. ताप किंवा ऑपरेशनच्या वेळी डोस वाढवावा लागतो. किती, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी पाकिटात ठेवा.

मग एक माणूस. त्याला सगळं सांगायला हवं असं नाही. "मी एक अवघड काम काढलंय, रविवारी संध्याकाळी फोन केला तर उचल," एवढं पुरतं.

मग जागा. फोनला लॉक लावा, घरातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडं ठेवू नका. ज्याने त्रास दिला तो माणूस अजून त्याच घरात असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या थांबवा आणि आधी तिथून सुरक्षित कसं होता येईल ते पाहा.

जीव नकोसा वाटायला लागला तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. फोन उचलणाऱ्याला इंटरसेक्स शब्द माहीत असेलच असं नाही. "लहानपणच्या ऑपरेशनचा त्रास होतोय" एवढंच सांगितलंत तरी चालेल.

पायरी 1 : शंभरपानी वही

कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी वही घ्या. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: मला काय आठवतं, मला काय सांगितलं गेलं, कागद काय म्हणतो. तिसरा रकाना सध्या कोरा राहील.

तारखा आठवत नाहीत म्हणून अडू नका. शाळेची इयत्ता, सण, घरातलं एखादं लग्न, कुठल्या घरात राहत होतो, यावरून वर्ष लागतं. 'सहामाहीच्या आधी, काकाच्या लग्नाला मला नेलं नाही तेव्हा' ही नोंद उत्तम आहे. रिकाम्या जागा ओढूनताणून भरू नका. दोन-अडीच वर्षांच्या आधीचं प्रसंगवार क्वचितच कुणाला आठवतं, आणि संमोहनाने 'दडलेल्या आठवणी' काढून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. सूचना मिळत गेली की न घडलेलंही आठवायला लागतं, आणि मग खरं काय नि भरलेलं काय, ते तुमचं तुम्हालाच उमगत नाही.

एका वेळी वीस मिनिटं. घड्याळ लावा. झोपण्याआधी नको. लिहिताना हात गार पडले, आवाज लांबून यायला लागले, आपण छतावरून स्वतःला बघतोय असं वाटलं, तर वही मिटा. यावर प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. मला फरशीवर अनवाणी उभं राहून तांब्याभर गार पाण्याने तोंड धुतलं की बरं वाटतं. 'दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला सगळे देतात, पण भुलीचा मास्क आठवणाऱ्या माणसाला त्याने उलट जास्त घाबरायला होतं. नसेल जमत तर श्वासाचा नाद सोडा, फरशा मोजा.

मागच्या पानावर एक वेगळी यादी ठेवा: कशाने दचकायला होतं? स्पिरिटचा वास, रबरी हातमोज्याचा चट्‌ आवाज, हिरवा पडदा, कुणी दार न वाजवता आत येणं. पायरी 5 आणि 6 मध्ये ही यादी लागेल.

पायरी 2 : कागद

पहिला शोध घरात. लोखंडी ट्रंक, विम्याच्या पॉलिसींची फाइल, आईच्या कपाटातला साड्यांखालचा कागद. आपल्याकडे लपवलेली वस्तू आणि जपलेली वस्तू एकाच ठिकाणी सापडते.

मग हॉस्पिटल. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायची असतात आणि रुग्णाने मागितली तर 72 तासांत द्यायची असतात. तुमचं ऑपरेशन वीस वर्षांपूर्वीचं असेल तर नियमाने त्यांच्यावर बंधन उरत नाही. पण मोठ्या हॉस्पिटलांच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनं पुष्कळ पडून असतं, म्हणून विचारायचंच. तोंडी विचारलं तर खिडकीवरून "नाही" येतं. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सरकारी किंवा महापालिकेचं हॉस्पिटल असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावता येतो आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसणारा हवा. सोबत ओळखपत्राची प्रत जोडा. तेव्हाचं नाव आणि आताचं नाव वेगळं असेल तर गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्रही.

'माझी सर्व कागदपत्रे द्यावीत' असं मोघम लिहू नका. नावानिशी मागा: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या भागाची प्रयोगशाळेतली तपासणी), कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), संमतीपत्र, काढलेले फोटो. यात मी हिस्टोपॅथॉलॉजीला सगळ्यात वर ठेवते. डिस्चार्ज कार्डावर 'हर्निया' लिहून भागतं, पण जे काढलं ते प्रयोगशाळेत गेलं असेल तर तिथे त्याचं खरं नाव लिहावं लागतं. माझ्या कार्डावर 'बायलॅटरल इंग्वायनल हर्निया', म्हणजे दोन्ही जांघांतला हर्निया, होतं. प्रयोगशाळेच्या कागदावर दोन जननग्रंथींची मापं होती, सेंटिमीटरमध्ये.

पाकीट मिळालं की त्याच दिवशी उघडू नका. दिवस ठरवा, सकाळची वेळ घ्या, तो एक माणूस शेजारी बसवा. जुन्या कागदांत 'स्यूडोहर्माफ्रोडाइट', 'टेस्टिक्युलर फेमिनायझेशन', 'अ‍ॅम्बिग्युअस जेनिटेलिया' असे शब्द भेटतील. ही त्या काळची पुस्तकी भाषा आहे. 2006 मध्ये शिकागोच्या बैठकीतून निघालेल्या सहमतीपत्राने यातले पुष्कळसे शब्द बाद केले आणि त्यांच्या जागी 'डीएसडी' (डिसऑर्डर्स ऑफ सेक्स डेव्हलपमेंट) आणलं. त्यातला पहिला 'डी' म्हणजे 'डिसऑर्डर', म्हणून आम्हाला तेही फारसं पटत नाही. कागदावरचा शब्द वहीत जसाच्या तसा उतरवा आणि पुढे साध्या मराठीत अर्थ लिहा. संमतीपत्रावर कुणाची सही आहे आणि ते कुठल्या भाषेत आहे, हेही टिपून ठेवा. माझ्या वडिलांची सही इंग्रजी छापील मजकुराखाली आहे. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

कागद मिळालेच नाहीत तरी वाट बंद होत नाही. कॅरिओटाइप, हॉर्मोनच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि व्रण कुठे आहेत, यावरून चांगला एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हॉर्मोनचा डॉक्टर) बरंच काही सांगू शकतो.

पायरी 3 : घरच्यांना विचारणं

ही पायरी ऐच्छिक आहे. आईवडील गेले असतील, किंवा बोलण्यासारखे नसतील, तर खुशाल वगळा.

विचारायला बसण्याआधी एक पार्श्वभूमी माहीत असलेली बरी. 1950 च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत रूढ केली: मूल मुलगा म्हणून वाढवायचं की मुलगी म्हणून हे लवकर ठरवा, शरीर त्याप्रमाणे 'नीट' करा, आणि नंतर शंकेला जागाच ठेवू नका. पुढची काही दशकं जगभरचे डॉक्टर हेच शिकत आले. म्हणजे तुमच्या घरात जी गुपितं पाळली गेली, त्यांचा मसुदा बहुतेक घराबाहेर तयार झाला होता.

मी आईला विचारलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मुद्दामच तेव्हा विचारलं, कारण हातात काम असलं की तिला माझ्याकडे बघावं लागत नाही.

"त्या डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

बराच वेळ नुसत्या काड्या मोडल्याचा आवाज. मग म्हणाली, "पोरीला कळलं तर जीव देईल म्हणाले. मी देवापुढं शपथ घेतली, मरेपर्यंत बोलणार नाही."

मी भांडायची तयारी करून गेले होते. तो राग तिच्यापर्यंत पोचायच्या आतच विरला. पुढे वर्षभराने परत आला, तो भाग निराळा. तुमचा राग विरलाच पाहिजे असं काही नाही. तीन प्रश्न मात्र याच पद्धतीने विचारा: डॉक्टर काय म्हणाले, न करण्याचा पर्याय दिला होता का, आणि मला काय सांगायचं नाही असं बजावलं होतं. 'तुम्ही असं का केलंत?' हा प्रश्न पहिल्या बैठकीत काढला की समोरचा माणूस वकील होतो आणि माहिती मिळायची राहून जाते.

पायरी 4 : हा उपचार होता की अत्याचार?

या पायरीला घाई नको. मीही इथेच सगळ्यात जास्त अडखळले.

वहीत एक ओळ लिहिली की लगेच आतून आवाज येतो: 'अगं, ते डॉक्टर होते.' माझी ओळ अशी होती: वॉर्डात सकाळी आठ-दहा जण कॉटभोवती उभे. चादर काढली. मोठे डॉक्टर इंग्रजीत बोलत होते आणि बोट दाखवत होते. एका मुलाच्या खिशातल्या पेनावर गोळ्यांच्या कंपनीचं नाव होतं, मी तेच परत परत वाचत राहिले. मी रडले नाही म्हणून नर्स म्हणाली, "शहाणी पोर."

तेराव्या वर्षी नात्यातल्या एका माणसाने दार लावून घेतलं, तेव्हाही मी तीच शहाणी पोर होते. छताकडे बघत गप्प पडून राहिले. कित्येक वर्षं मला वाटत होतं की ओरडले नाही म्हणजे माझी मूक संमती होती. मग दोन्ही पानं समोरासमोर ठेवल्यावर दिसलं की हे गप्प पडून राहणं मला शिकवलेलं होतं, आणि शिकवणी वॉर्डात झाली होती. मोठी माणसं आपल्या शरीराशी काय करतात ते विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, हा धडा ज्या मुलाला बक्षिसासकट मिळालेला असतो, त्याला गैरफायदा घेणारा माणूस बरोबर ओळखतो.

धोक्यात शरीर गोठतं. प्राणीही गोठतात. त्या क्षणी शरीराने काही प्रतिसाद दिला असेल तर तोही प्रतिक्षिप्त असतो. गुदगुल्यांनी हसू आलं म्हणजे मजा आली असं होत नाही. या दोन्हींचा संमतीशी संबंध नाही.

आता वहीत चौथा रकाना जोडा: हेतू आणि परिणाम. एकाच घटनेसमोर दोन्ही वेगवेगळे लिहायचे. डॉक्टरचा हेतू बरा करण्याचा असू शकतो आणि परिणाम बलात्कारासारखा असू शकतो. एक लिहिलं म्हणून दुसरं खोडायचं नाही. हे तुमच्या मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणालं तर सांगा, की संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे छळविषयक विशेष प्रतिवेदक हुआन मेंडेझ यांनी 2013 च्या अहवालात इंटरसेक्स मुलांवर संमतीविना होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न छळाच्या चौकटीतच मांडला आहे. आणि उलट बाजूही खरी आहे: लहानपणी ऑपरेशन झालेल्या काही जणांना ते मुळीच आघातासारखं वाटत नाही. तुम्हाला तसं वाटत असेल तर बळेच दुःख शोधू नका.

आणखी एक. प्रत्येक अडचण मनाचीच असते असं नाही. संबंधांच्या वेळी दुखतं, संवेदना कमी वाटते, इच्छा होत नाही, यामागे व्रणाचे घट्ट पेशीजाल किंवा हॉर्मोनची कमतरताही असू शकते. त्याला डॉक्टर लागतो, वही पुरत नाही.

पायरी 5 : समुपदेशक निवडणं

भेट ठरवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. इंटरसेक्स म्हणजे काय ते माहीत आहे का? लहानपणच्या लैंगिक अत्याचारावर काम केलंय का? मी सांगितलेलं कुठल्या परिस्थितीत बाहेर जाऊ शकतं? तिसरा प्रश्न चुकवू नका. पॉक्सो कायद्यात मुलांवरच्या गुन्ह्याची माहिती पोलिसांना देण्याचं बंधन आहे, त्यामुळे तुमच्या जुन्या गोष्टीबाबत आणि आज एखाद्या मुलाला धोका असेल तर त्याबाबत ते काय करतील, हे आधीच कळलेलं बरं. 'माहीत नाही, पण वाचून येईन' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तम उत्तर आहे. 'म्हणजे नक्की दिसतं कसं?' असं आलं, तर फोन ठेवा.

मराठीची एक खास अडचण आहे. 'मी आलो' की 'मी आले'? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, आपल्याकडे पहिल्या वाक्यातच उभा राहतो. समुपदेशकाला सुरुवातीलाच सांगून टाका की माझ्यासाठी अमुक क्रियापद वापरा, किंवा अजून ठरलेलं नाही, मी बदलत राहीन. माझी एक मैत्रीण कोल्हापूरकडची. तिकडच्या मुली 'मी येतो, मी जातो' म्हणतातच. ती म्हणते, आमच्या गावाने माझं काम आधीच करून ठेवलंय.

पहिल्या भेटीत सगळं ओतू नका. मागच्या पानावरची दचकण्याची यादी दाखवा आणि तिथून सुरू करा.

पायरी 6 : पुन्हा डॉक्टरकडे

जननग्रंथी काढल्या असतील तर हे टाळून चालत नाही. हॉर्मोन नियमित नसतील तर हाडं ठिसूळ होतात. डेक्सा नावाची हाडांची तपासणी करून घ्या. त्यासाठी कपड्यांखालचं काही कुणाला दाखवावं लागत नाही.

मी जाताना एक चिठ्ठी नेते आणि बोलण्याऐवजी तीच टेबलावर ठेवते:

'मला एआयएस आहे. लहानपणच्या तपासण्यांचा मला अजून त्रास होतो. आवश्यक असल्याशिवाय खालची तपासणी नको. करायची असल्यास आधी कारण सांगा आणि मी थांबा म्हटल्यावर थांबा. विद्यार्थी आणि फोटो नकोत. माझ्यासोबत एक व्यक्ती आत असेल.'

दहातल्या दोन-तीन डॉक्टरांच्या कपाळावर आठी येते. मग मी दुसरा डॉक्टर बघते. 'लग्न झालंय का?' हा स्त्रीरोगतज्ज्ञांचा लाडका प्रश्न. त्यांना खरं तर लैंगिक संबंधांबद्दल विचारायचं असतं. "तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?" असं शांतपणे विचारलं की मुद्द्यावर येतात.

पायरी 7 : कायद्याचं बघायचं असेल तर

थोडक्यात सांगते, कारण मी वकील नाही आणि या वाटेने गेलेही नाही. 22 एप्रिल 2019 रोजी मद्रास उच्च न्यायालयाने इंटरसेक्स बाळांवरच्या अशा शस्त्रक्रिया थांबवण्याचे निर्देश दिले आणि त्याच ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने, जिवावर बेतलं तरच अपवाद, असा आदेश काढला. तो तमिळनाडूपुरता आहे, आणि जुन्या ऑपरेशनची भरपाई त्यातून मिळत नाही. ग्राहक आयोगात दाद मागायला 2 वर्षांची मुदत असते. ती केव्हापासून मोजायची, ऑपरेशनपासून की सत्य कळल्यापासून, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. लहानपणच्या गंभीर लैंगिक अत्याचाराची तक्रार मोठेपणीही देता येते. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन करा. तक्रार द्यायची नाही असं ठरवलंत, तरी वही सांभाळून ठेवा.

पायरी 8 : आपल्यासारखी माणसं

26 ऑक्टोबर हा इंटरसेक्स जागरूकता दिन. 1996 मध्ये याच तारखेला बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनाबाहेर काही इंटरसेक्स माणसं फलक घेऊन उभी राहिली होती. त्या सुमारास ऑनलाइन भेटी, शहरांतले छोटे कट्टे भरतात, ओळखी निघतात. सुरुवातीला नुसतं ऐकायला जा. रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकू नका. संशोधक आणि पत्रकार मुलाखत मागतात, त्यांना 'सहा महिन्यांनी विचारा' म्हणा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही चौघं होतो, एका गच्चीवर, वडापाव आणि चहा घेऊन. कुणी काही बोलेना. मग मी म्हटलं, "मला लहानपणी हर्निया झाला होता." समोरचीने कप खाली ठेवला. "मलाही." तिसरी म्हणाली, "दोन्ही बाजूंना?" चौथा एकटाच गोंधळून आमच्या तोंडाकडे बघत होता. त्याला अपेंडिक्स सांगितलं होतं.